रेक्सला मारल्याने फरक पडतो

आज दुपारी ताईचा मुलगा त्याच्या कॉलेजातल्या मित्राला घेऊन जेवायला आला होता. मास इफेक्ट या व्हिडिओ गेमचा पहिला भाग खेळायला घेतलाय म्हणाला. मला इतका आनंद झाला की समोरची हुमण-शीत तशीच ठेवून मी विचारत सुटलो. कुठवर पोचलास, व्हर्मायर ग्रह झाला का, तुझ्या पथकातल्या रेक्सचं काय केलंस? तर हा म्हणतो, "मामा, रेक्सला मुद्दाम गोळी घातली. यूट्यूबवर सगळेच सांगतात शेवट भंगार आहे, आधी काहीही करा, फरक पडत नाही." त्याचा मित्र त्यावर कडी करतो, "फॅन लोकांनी रडून रडून तो शेवट बदलून घेतला ना! तेव्हापासून सगळे गेमवाले पब्लिकला घाबरतात. धड गोष्ट कोण सांगतच नाही."

मित्र पहिल्यांदा घरी आलेला, आई वाढत होती, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. पण दुपारपासून डोकं तापलंय, आणि हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

फरक पडतो. आमच्या घरात पडला होता.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत ही एकच गोष्ट सांगितली. कमांडर शेपर्ड नावाचा अंतराळातला सैनिक (बाई हवी तर बाई), त्याचं जहाज, त्याची माणसं, आणि दर पन्नास हजार वर्षांनी येऊन सगळी प्रगत जीवसृष्टी कापून नेणारे रीपर. खरी करामत अशी की पहिल्या भागाची सेव्ह फाइल दुसऱ्यात घालायची आणि दुसऱ्याची तिसऱ्यात. ज्याला तुम्ही पहिल्यात वाचवलं तो तिसऱ्यात समोर येऊन उभा राहायचा, ज्याला मारलं त्याची जागा रिकामी असायची किंवा तिथे भलताच कोणीतरी बसलेला असायचा. त्याआधी इतक्या मोठ्या पसाऱ्यावर हे कोणी केलं नव्हतं असं माझं मत आहे, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

आमच्याकडे एकच कॉम्प्युटर होता. दादा आणि मी आळीपाळीने बसायचो, त्याचा शेपर्ड वेगळा, माझा वेगळा. दादा घाईचा माणूस. रेक्स हा क्रोगन जातीचा म्हातारा लढवय्या. त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून द्यायचं एक छोटं काम पहिल्या भागात आहे. दादाने ते केलंच नाही, शिवाय बोलण्याच्या कौशल्यावरही त्याने फारसे गुण खर्च केले नव्हते. व्हर्मायरवर रेक्स बंदूक काढून उभा राहिला तेव्हा दादाला त्याला समजावता आलं नाही. दादाच्या खेळात रेक्स तिथल्या किनाऱ्यावर मेला. माझ्यात जगला.

क्रोगनांवर जीनोफेज नावाच्या रोगाचा शाप आहे. सॅलेरियन जातीच्या शास्त्रज्ञांनी तो बनवला, ट्युरियन जातीने तो सोडला, आणि क्रोगनांच्या हजार बाळंतपणांत एखादंच मूल जगू लागलं. दुसऱ्या भागात मॉर्डिन येतो. हा भरभर बोलणारा, गाणी म्हणणारा सॅलेरियन डॉक्टर. क्रोगन त्या रोगाला सरावू लागले तेव्हा नवा जीनोफेज तयार करण्यात त्याचाही हात होता. त्याच्या एका शिष्याने जिवंत क्रोगनांवर प्रयोग करून उपचाराची माहिती गोळा केलेली असते. ती ठेवायची की नष्ट करायची हे आपण ठरवायचं. दादाने नष्ट केली. म्हणाला, असल्या छळातून आलेलं औषध मला नको. मी ठेवली. यावरून आमचं रात्री अंगणात एवढं वाजलं की आईला बाहेर येऊन "जेवपाक येयात, मागीर झगडात" म्हणावं लागलं.

आणि मग तिसरा भाग. माझ्या खेळात रेक्स क्रोगनांचा पुढारी. ती माहिती ठेवल्यामुळे ईव्ह ही क्रोगन बाई जगलेली. त्या दोघांच्या हाती पुढची पिढी सोपवता येईल असा भरवसा होता, म्हणून मॉर्डिन उपचार पसरवायला क्रोगनांच्या टुचांका ग्रहावरच्या त्या कोसळत्या मनोऱ्यावर एकटा चढला आणि गेला. आपलंच जुनं काम तो निस्तरत होता. मी रडलो, दादासमोर रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

दादाच्या खेळात रेक्स नाही. त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह, सूडाने पेटलेला. ईव्हही वाचली नाही. तेव्हा दादाला एक असा रस्ता मिळाला जो माझ्यासाठी बंदच होता. त्याने मॉर्डिनला पटवलं की या रीव्हच्या हाती इतकी माणसं दिली तर पुन्हा युद्ध होईल. मॉर्डिन थांबला. क्रोगनांना सांगितलं की तुम्ही बरे झालात, ते खोटं होतं, आणि मॉर्डिन जगला. दादाच्या खेळात तो पुढे लपून क्रूसिबल हे रीपरांविरुद्धचं अस्त्र बांधायच्या कामाला लागला.

पहिल्या भागात एक चिलखत शोधायचं राहिलं, आणि दोन भागांनंतर एक माणूस जगला आणि एक अख्खी जमात फसवली गेली. ह्याला फरक पडत नाही म्हणायचं? मी दादाशी त्या रात्री नीट बोललो नाही. त्याने क्रोगनांना फसवलं हे मला सहन होत नव्हतं. तो म्हणत होता, तू डॉक्टरला मरू दिलास. दोघेही बरोबर होतो. मला सांगा, असं भांडण आणखी कशाने लावलंय दोन भावांत, जमिनीचा तुकडा सोडून?

आता शेवट. दादाला तेव्हा जहाजावरची नोकरी लागली होती, बॅग भरायला घेतली होती. जायच्या आधी दोघांनी संपवायचंच असं ठरवलं. शेवटी एक लहान मुलाच्या रूपातला कॅटलिस्ट येतो आणि तीन वाटा दाखवतो. रीपरांना नष्ट कर, त्यांच्यावर ताबा मिळव, किंवा यंत्र आणि जीव एकत्र मिसळून टाक. लाल, निळा, हिरवा. माझा शेपर्ड आणि दादाचा शेपर्ड, ज्यांचं एका गोष्टीत जुळत नव्हतं, ते दोघे त्याच तीन वाटांपुढे उभे राहिले आणि दोघांना जवळपास तेच चित्रण दिसलं, रंग तेवढा वेगळा. नावं वर सरकायला लागली. दादा म्हणाला, "मग मॉर्डिनचं काय झालं?"

त्यावेळी जगभर लाखो लोक आपापल्या मॉर्डिनबद्दल हेच विचारत होते. आजच्या त्या मित्राला मला हेच सांगायचं होतं. त्या लोकांना शेपर्डचं लग्न आणि बंगला नको होता. शेपर्ड मरणार हे बहुतेकांनी धरलेलंच होतं. आमच्याकडे जत्रेला दशावतार होतो. राक्षस शेवटी मरणार हे पुढच्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोराला माहीत असतं, संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे रचतात, आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. ठरलेल्या शेवटावर कोणी चिडत नाही. पण पहिल्या अंकात राजाने दिलेला शब्द शेवटी नट विसरला, तर प्रेक्षकांतल्या आजीबाई तिथूनच ओरडतात. २०१२ साली हेच झालं.

आणि सगळ्यात मोठा विसर तर रॅनॉक ग्रहाचा. क्वेरियन लोक आणि त्यांनीच बनवलेली गेथ यंत्रं, तीनशे वर्षांचं वैर. तुम्ही दुसऱ्या भागापासून नीट वागला असाल, क्वेरियन तालीचा आणि गेथ लीजनचा, दोघांचाही विश्वास कमावला असेल, तर तिथे चक्क शांतता होते. यंत्र आणि माणूस एका जमिनीवर राहायला तयार होतात. त्यानंतर काही तासांनी तो कॅटलिस्ट शेपर्डला शिकवतो की यंत्रं आपल्या निर्मात्यांवर उलटणारच, दुसरं काही होऊच शकत नाही. आणि माझा शेपर्ड, जो नुकताच रॅनॉकवरून आलाय, त्याला "खिडकीतून बघ जरा" एवढंही म्हणता येत नाही! तोंडच दिलं नव्हतं त्याला. अजून लिहिताना हात थरथरतो.

दुसऱ्या भागात हेस्ट्रॉम ग्रहाचा सूर्य अकाली म्हातारा होतोय म्हणून केवढी हवा केली होती. ते सूत्र कुठे गेलं? रीपरांनी मागच्या फेरीत संपवलेल्या प्रोथियन जातीतला अख्ख्या कथेत एकमेव जिवंत उरलेला, त्याला वेगळे पैसे घेऊन त्याच दिवशी विकायला ठेवला. आणि लढाईची तयारी ५० टक्क्यांवर अडकून बसायची, वर न्यायची तर इंटरनेटवर इतरांबरोबर खेळा. आमच्या गावातलं तेव्हाचं इंटरनेट आठवा.

हो, काही लोकांनी हद्द केली. बायोवेअरच्या लेखकांना धमक्या आणि घाणेरड्या शिव्या दिल्या गेल्या, आणि एकाने तर अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे शेवटाबद्दल तक्रार केली. ते चूक होतं, पुढे चला.

कारण बाकीच्यांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. निषेध म्हणून त्यांनी वर्गणी काढली, आजारी मुलांना हॉस्पिटलात खेळणी आणि गेम पोचवणाऱ्या चाइल्ड्स प्ले संस्थेसाठी ८० हजार डॉलरहून जास्त जमवले. बायोवेअरला लाल, निळ्या, हिरव्या आयसिंगचे कपकेक पाठवले, आणि सगळ्यांची चव मुद्दाम एकच ठेवली. काहींनी तर शेवट म्हणजे रीपरांनी शेपर्डच्या डोक्यात घातलेला भ्रम आहे असा अख्खा सिद्धांत उभा केला, प्रत्येक सावलीचा आणि आवाजाचा पुरावा देऊन. मला तो पटत नाही. पण एखाद्या गोष्टीवर किती जीव असावा लागतो, की ती चुकली हे मान्य करण्याऐवजी माणसं तिच्यासाठी रात्रभर जागून नवा अर्थ शोधतात! ह्यांना तुम्ही रडे म्हणता?

आणि शेवट बदलला हे तर साफ खोटं. २६ जून २०१२ला एक्स्टेंडेड कट, म्हणजे शेवटाची वाढवलेली आवृत्ती, फुकट दिला. वाटा त्याच तीन राहिल्या. चौथी जोडली ती नकार देण्याची, आणि तिच्यात तर सगळेच हरतात. बायोवेअरवाले आपल्या शेवटावर ठाम राहिले, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. त्यांनी एवढंच केलं की शेवटी तुमच्या माणसांचं काय झालं ते दाखवलं. दादा तेव्हा जहाजावर होता. त्याच्या सेव्हवरून शेवट मीच चालवला, मग माझ्या सेव्हवरून. माझ्यात क्रोगनांमध्ये बाळ होतं. दादाच्यात नव्हतं. मी त्याला मेल करून सांगितलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "बरोबर आहे, मी खोटं बोललो होतो त्यांच्याशी."

माझ्यासाठी तिथे तो वाद मिटला. त्याच्या खोटेपणाची नोंद गोष्टीने ठेवली होती. गोष्टीने माझं ऐकावं असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. मी काय केलं ते तिने लक्षात ठेवावं, एवढाच माझा हक्क, आणि तो मी सोडणार नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या लेखकांचंही वाईट वाटतं. कोण जगलं, कोण मेलं, कोणाशी खोटं बोललं गेलं, अशा असंख्य गाठी तीन भाग वागवत न्यायच्या आणि एका तारखेला गेम बाजारात आणायचा. मॉर्डिनला मनोऱ्यावर चढवणारे आणि तो कॅटलिस्ट बसवणारे एकाच कंपनीतले लोक होते. पहिल्यासाठी मी त्यांना दुसरं माफ केलंय.

पण त्याच मालिकेतलं २०१७चं अँड्रोमेडा माफ नाही. तिथे लोक चेहऱ्यांच्या हालचालींवर हसत बसले. माझं दुखणं दुसरंच होतं. क्वेरियनांचं जहाज कुठे आहे हा प्रश्न शेवटी लोंबकळत ठेवला आणि काही महिन्यांत एकट्याने खेळायच्या कथेत नवीन काही येणार नाही असं जाहीर केलं. ताली आवडणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल?

आता पुढचा भाग बनतोय. डिसेंबर २०२०मध्ये त्याची झलक आली, शेपर्डची जुनी सोबतीण लियारा बर्फातून एन-सेव्हनचा, म्हणजे शेपर्डच्या चिलखतावरच्या खुणेचा, तुकडा उचलते. तेव्हापासून फॅन पुन्हा एकमेकांचे गळे धरतायत. लाल शेवट खरा धरा, नाहीतर आम्ही विकत घेणार नाही. शेपर्डला परत आणा. नको, आणलात तर बघा. इथे मात्र माझं माझ्याच लोकांशी वाकडं आहे. आपण २०१२मध्ये बरोबर होतो कारण आपण घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब मागत होतो. अजून न लिहिलेल्या गोष्टीला आधीच अटी घालणं वेगळं. तसं केलंत तर आजचा तो मित्र बरोबर ठरेल. त्यांना लाल धरायचा तर धरू दे. मी हिरवा निवडला होता, मला त्रास होईल, मी तो सोसेन. शेपर्ड मेला तर मेलेला राहू दे. फक्त क्रोगनांची वस्ती आली तर तिथे बाळं असावीत किंवा नसावीत, आणि ते कोणामुळे हे तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला ठाऊक असावं.

भाच्याला मी सांगितलंय, जुनी सेव्ह उघड आणि आधी ते चिलखत शोधून दे. ऐकेल की नाही माहीत नाही. नाही ऐकलं तरी त्याला रीव्ह भेटेल, आणि मग कदाचित तो दादाला फोन करेल.

खाली ज्यांना लिहायचं त्यांनी लिहा. तुमच्यात मॉर्डिन गेला की राहिला, का, आणि कोणाशी त्यावरून भांडलात. "शेवट भंगार" एवढंच लिहायला कोणी येऊ नका, आज मला ते ऐकवणार नाही.