‘तू तिकडे राहतेस, तुला काय कळणार?’

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेली वाक्यं येतात. “इतकी वर्षं हेल्मेटशिवाय गाडी चालवतोय, काही झालं नाही.” “आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याचं बघा.” “आज हेल्मेट, उद्या श्वास घ्यायलाही परवाना लागेल.” आणि मी इंग्लंडहून काही लिहिलं की, “तू तिकडे राहतेस, तुला इथलं काय कळणार?”

या चारही वाक्यांत तर्कदोष आहेत आणि त्यांना शास्त्रात नावंही आहेत. पण तशी नावं ठेवून कुणाचं मत बदलत नाही. ही वाक्यं ऐकणाऱ्याला पटतात, ती का पटतात हे बघायला हवं. कारण यातला चुकीचा निष्कर्ष एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

पहिलं वाक्य सगळ्यात प्रामाणिक आहे, म्हणूनच सगळ्यात फसवं. ते लिहिणाऱ्या काकांना खरंच काही झालेलं नाही. पण ज्यांना झालं ते ग्रुपवर लिहायला नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने नेमका हाच पेच सोडवला होता. लढाईवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा मोजता येत होत्या. पडलेल्या विमानांवर कुठे गोळ्या लागल्या, हे बघायला विमानंच नव्हती. परतलेल्यांवरून न परतलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, याची पद्धत त्याने मांडली. जिथे लागूनही विमान परत येतं त्या जागेपेक्षा, परतलेल्या विमानांवर जिथे खुणाच कमी दिसतात त्या जागेची काळजी जास्त करायला हवी. वाल्ड स्वतः १९३८ साली युरोप सोडून अमेरिकेत गेलेला.

परदेशी गेलेल्यांबद्दल घरी जे बोललं जातं त्यातही हाच दोष असतो. ज्यांचं बरं चाललंय ते सुट्टीत येतात, फोटो टाकतात, सल्ले देतात. ज्यांचं बिनसलं ते गप्प राहतात. मग ‘तिकडे गेलं की आयुष्य मार्गी लागतं’ हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

खड्ड्यांचं वाक्य लवकर निकालात काढता येतं. दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात, आणि रस्ता खराब असेल तर हेल्मेटची गरज वाढतेच.

तिसऱ्या वाक्यावर जरा थांबायला हवं, कारण ही भीती दर वेळी खोटी नसते. एका पायरीवरून दुसरी पायरी कशी येणार हे कुणी दाखवलं, तर तो मुद्दा ऐकलाच पाहिजे. नुसतं ‘आज हे, उद्या ते’ म्हटल्याने मात्र काही दाखवलं जात नाही. ब्रिटनमध्ये दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं १९७३ मध्ये आणि गाडीच्या पुढच्या सीटवर बेल्ट १९८३ मध्ये. त्याआधी व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने इथेही भरपूर वाद झाला. इथले लोक जन्मजात तर्कशुद्ध आहेत, असं मानणाऱ्यांनी तो वाद जरूर वाचावा.

उलट इथले तर्कदोष सभ्य कपड्यांत येतात, म्हणून ते ओळखायला वेळ लागतो. ऑफिसातली एक बैठक सांगते. एक जण म्हणाला, हे काम तीन महिन्यांत होईल. दुसरी म्हणाली, नऊ लागतील. अध्यक्षांनी हसून सहा महिने लिहून टाकले आणि सगळे समाधानाने उठले. नऊ महिने कशाच्या आधारावर, हे कुणी विचारलंच नाही. तिच्याकडे आधीच्या दोन कामांच्या तारखा होत्या. सत्य नेहमी मधोमध असतं, हे गृहीतच धरलेलं. ‘प्रत्येकाचं आपापलं मत’ हे वाक्यही इथे असंच वाद मिटवायला वापरतात. आवाज चढत नाही, मन दुखावत नाही, आणि चूक आहे तिथेच राहते. घरचा वाद कर्कश असतो, पण दुसऱ्या दिवशी काका पुन्हा लिहितात. मला तो वाद जास्त जिवंत वाटतो.

आता ‘तू तिकडे राहतेस’. वक्त्याकडे बोट दाखवून मुद्दा उडवायचा हा प्रकार फार जुना आहे आणि तो शहाण्यांनाही भुलवतो. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने मांडला. त्यावर संख्याशास्त्रातला दिग्गज रोनाल्ड फिशर म्हणाला, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. दोन्हींमागे आनुवंशिकता असू शकेल. फिशर तंबाखू कंपन्यांचा सल्लागार होता. ‘तो विकला गेलाय’ म्हणून विषय संपवणं सोपं होतं. पण त्याचा आक्षेप तर्काला धरून होता आणि त्याला उत्तर पुराव्यानेच मिळालं: जितक्या सिगारेटी जास्त तितका धोका जास्त, आणि सोडणाऱ्यांचा धोका कमी होत जातो. सल्लागारपदामुळे त्याचं म्हणणं जास्त कसून तपासायचं कारण मिळत होतं. ते खोटं ठरत नव्हतं.

आम्ही परदेशस्थ ‘इथे बघा, सगळे हेल्मेट घालतात’ म्हणतो तेव्हाही पुरावा दिलेला नसतो. सगळे घालतात म्हणून ते बरोबर, हाही दोषच. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची पाडायची ती वितंडा. समोरच्याच्या वाक्याला दोषाचं नाव देऊन निघून जाणारी तरुण मंडळी मला या तिसऱ्या प्रकाराकडे जाताना दिसतात. युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्ष चुकलाच असं होत नाही. तो अजून सिद्ध व्हायचा असतो, इतकंच.

म्हणून काकांना मी दोष दाखवत नाही, प्रश्न विचारते. उन्हाळ्यात भर दुपारी हेल्मेट घालून सिग्नलला थांबणं किती असह्य होतं, बाजूचं कितपत दिसतं, मागे बसलेल्या लहान मुलाच्या मापाचं मिळतं का? याची उत्तरं त्यांच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत, आणि नियम कसा असावा हे ठरवताना ती लागतील. डोकं रस्त्यावर आपटलं तर काय होतं, याचं उत्तर मात्र डॉक्टरांकडे आहे आणि ते दोन्ही देशांत एकच आहे.