मासे मोजून काय होते?

परवा नागपुरात मानेवाड्याला एका साक्षगंधात पंगत बसत होती. तेवढ्यात नात्यातल्या एका काकाजींनी माझ्या भाचीला सगळ्यांसमोर विचारलं, "तू अजून मासेच मोजून राहिली का वं? मासे मोजून काय होते, बाप्पा?" लोक हसले. पोरगीही हसली. मला मात्र पुढचा घास गोड लागला नाही. तिथं बोलले असते तर नवरीच्या आईला अवघड झालं असतं, म्हणून इथं लिहिते.

भाची पीएचडी करते. विषय आहे भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले माजी मालगुजारी तलाव. त्यांतले मासे, पाण्यातल्या वनस्पती आणि या दोन्हींबद्दल मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बायकांना असलेली माहिती. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, काठावर बेशरमाची झुडपं माजली, आणि कोणता मासा कोणत्या गवताच्या आडोशाने अंडी घालतो हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने जगतात. तरीही आपल्या घरांत हे 'खरं' संशोधन नाही. खरं म्हणजे औषध, मशीन, रॉकेट. बाकी सगळा टाइमपास.

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. थंडी पडली की गैरहजर. हातपाय दुखतात म्हणायची. स्टाफरूममध्ये तिला आळशी ठरवून झालं होतं आणि मीही तेच मानलं होतं, हे लिहिताना आजही लाज वाटते. तिला सिकलसेल होता, एसएस पॅटर्न, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाबा दोघांकडूनही आलेलं.

विदर्भातल्या वाचकांना हा आजार सांगायला नको. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस, एवढाच फरक. पण तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. थंडी पडली, अंगात पाणी कमी झालं की जास्तच. आता हे आपल्याला कळलं कसं ते पाहा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत मलेरियाशी त्याचा संबंध जोडला : आईबाबांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या मुलांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून ते टिकून राहिलं. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आज रुग्णांना जी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी देतात, ते रसायन तर १८६९ साली जर्मनीत तयार झालं होतं. तेव्हा ते करणाऱ्यांना कोणी विचारलं असेल, याने काय होते, तर त्यांच्याकडे सिकलसेल हे उत्तर नव्हतं. तो आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला तोच मुळी १९१० मध्ये.

आणि तरीही माझी ती विद्यार्थिनी गोळ्या नियमित घेत नव्हती. का? घरच्यांनी रिपोर्ट लपवला होता. लग्न जुळणार नाही ही भीती. नवरा-बायको दोघंही एएस पॅटर्नचे, म्हणजे एकाच पालकाकडून ते जनुक आलेले, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, हे डॉक्टर सांगू शकतात. पण ते ऐकून आई रिपोर्ट ट्रंकेच्या तळाशी का ठेवते, 'अमुक जातीचा आजार' असा शिक्का बसल्यावर माणसं तपासणीला का येत नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी दारोदार जाऊन, अंगणात बसून, बायकांचा विश्वास मिळवून ऐकावं लागतं. ते समाजशास्त्र आहे, मानववंशशास्त्र आहे. त्याला आपण 'सर्व्हे करत फिरते' म्हणतो.

ज्या माणसाच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्सजवळ उभं आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून आले होते. त्यांनी नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले, खडक अभ्यासले आणि गोंडांच्या लिंगो या आद्यपुरुषाची गाणीही टिपून घेतली. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. दगड एका विभागात आणि गाणं दुसऱ्या विभागात, अशी वाटणी त्यांच्या मनात नसावी.

आपल्या शहरात तर ती वाटणी टिकतच नाही. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, दख्खनच्या लाव्ह्याची. त्या थराची पूर्वेकडची कड नागपूरपाशी संपते. पश्चिमेला त्याच खडकाची काळी माती, तिथं कापूस आणि संत्रा. पूर्वेला जुने वेगळे खडक, जास्त पाऊस, तलाव आणि धान. इकडे ताटात भाकर, तिकडे भात. इकडे वऱ्हाडी, तिकडे झाडीबोली आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. बोली खडकातून उगवते असं मी म्हणत नाही. पण खडक वाचणारा, माती तपासणारा, कापसाची बोंडअळी पाहणारा आणि शब्द गोळा करणारा, ही सगळी माणसं एकाच जमिनीवर काम करत आहेत. मृदा सर्वेक्षण, कापूस, लिंबूवर्गीय फळं, पर्यावरण, यांच्या देशपातळीवरच्या संस्था याच शहरात आहेत. आपण अमरावती रोडने, वर्धा रोडने त्यांच्या पाट्या पाहत आयुष्यभर जातो.

वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली लीद सापडते. तीत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि भात, ज्वारी, गहू ज्या कुळातले त्या गवताचा इतिहास डायनासोरांच्या काळापर्यंत मागे गेला. लीद तपासणाऱ्यांनाही कोण्या पंगतीत कोणी काही विचारलं असेलच.

मला राग हसण्याचा नाही. राग याचा की हेच हसू पुढे निर्णयात उतरतं. फेलोशिपचे पैसे महिनोन्महिने अडकतात, मुलं शिकवण्या घेऊन गावोगाव फिरण्याचं भाडं काढतात, आणि 'भाषा, समाज, इतिहास' वाल्यांना सगळ्यात शेवटी विचारतात. भाची साकोलीला एसटीने जाते, मुक्काम कोणाच्या तरी ओसरीवर.

तर एक काम सांगते. साकोली, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, नागभीड, सिंदेवाही या भागात तुमचं माहेर, आजोळ असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा. तलावात पूर्वी मिळणारे आणि आता न दिसणारे मासे कोणते, त्यांची नावं विचारा, जशी ते उच्चारतात तशीच लिहून घ्या, आणि गावाच्या नावासकट मला पाठवा. काकाजींना मी कालच फोन केला. त्यांचं आजोळ नवेगावबांधचं. सात नावं मिळाली. त्यातली दोन भाचीच्या वहीत नव्हती.