अर्धी बोट माझी, उस्तवार मात्र सगळी माझी

चपलेचा तुकडा. निळ्या स्लीपरचा, ब्लेडनं कापलेला, भडंगाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून बोटीच्या तळाच्या भोकात ठोकून बसवलेला. परवा रविवारी मी तो माझ्या हातानं उपसून काढलाय आणि तेव्हापासनं जे डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

शनिवारी रात्रीच ग्रुपवर मेसेज सुरू झालेले, कोयनेतनं विसर्ग वाढवलाय, काठावरच्यांनी मोटारी काढा, जनावरं हलवा. कृष्णाकाठच्या सांगलवाडीत राहणाऱ्याला असल्या रात्री झोप कशी लागते ते तुम्हाला माहीतच आहे. पहाटे उठलो, म्हटलं पाणी पात्राबाहेर पडायच्या आत बोट वर ओढून घरामागं आणून ठेवू, इंजिन चढवू, एकदा चालू करून बघू. काठावर गेलो तर बोट दिसेचना. नुसता दोर दिसतोय, ताठ, तारेसारखा, आणि दोराच्या टोकाला गढूळ पाण्यात बोटीचं नाक. बाकी बोट खाली.

झालेलं काय, तर ह्यानं, म्हणजे बोटीतल्या माझ्या निम्म्या भागीदारानं, दोर बांधलेला खालच्या कडीला, वीतभरसुद्धा ढील न सोडता. पाणी चढणार हे सगळ्या गावाला माहीत. आखूड दोर बांधला की पाणी वर येतं आणि बोट जाग्यावर खाली दाबली जाते, हे नदीकाठच्या चौथीतल्या पोराला कळतं. त्यात आतलं पाणी सोडायच्या मागच्या भोकाला बूच नाही. म्हणजे मागनं पाणी आत येतंय आणि पुढनं दोर खाली ओढतोय. गाठ भिजून दगड झालेली, सुटेना, शेवटी विळा आणून दोर कापला, तो दोर पण माझाच, मीच मे महिन्यात आणलेला. शेजारची दोन पोरं आणि गल्लीतले एक मामा, त्यांचं वय बहात्तर, मी नको नको म्हणत असताना कमरेइतक्या पाण्यात उतरले. बोट काठाला लावली आणि रंगाच्या बादलीनं दीड तास पाणी उपसलं. दीड तास! माझी पाठ अजून सरळ होत नाही.

आणि उपसताना तळाला काय काय निघावं? जलपर्णीचा गोळा, ते एक समजू शकतो, नदीच भरलीय त्यानं. पण थर्माकोलचे ग्लास, गुलाबी रंगाचा चिखल आणि गुलाबाच्या पाकळ्या. मूठ मूठ पाकळ्या, सडलेल्या, फायबरला चिकटून बसलेल्या. मी तिथंच बादली आपटली.

फोन लावला. सात वेळा नुसती रिंग. आठव्या वेळी साहेबांनी उचलला.

"भावा, कवठेमहांकाळला आलोय पाहुण्याकडं, काय झालं?"

"बूच कुठाय?"

"कसलं बूच?"

"बोटीचं."

"आरं ते व्हय. ते पडलं कुठंतर वाळूत. मी बसवलंय की तात्पुरतं. जास्त गळत न्हाई त्यातनं."

जास्त गळत नाही! म्हटलं, बोट बुडाली होती. तर गडी दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणतो काय, "इंजिन नव्हतं ना वर? मग काय नुकसान न्हाई." एवढं बोलून वर, "मी बुधवारी येतो, मग बघू."

बुधवारी बघू म्हणे. पाणी बुधवारपर्यंत थांबणाराय का तुझ्यासाठी?

बूच दोनशे रुपयाला मिळतं. आट्याचं, पितळी, वायसर बदलला की वर्षानुवर्षं जातं. दोनशे रुपये आणि गाडीवर वीस मिनिटं. तेवढं ह्या माणसाच्यानं झालं नाही, पण स्लीपर शोधायची, ब्लेडनं गोल कापायची, पिशवी गुंडाळायची, हातोडीनं ठोकायची, एवढा उद्योग झाला. मला राग ह्याचाच येतोय. विसरला असता तर मी समजून घेतलं असतं, माणूस विसरतो. ह्याला माहीत होतं. माहीत असून बोट पाण्यात सोडली, बांधली आणि निघून गेला, मला साधा एक मेसेज नाही.

दुपारी भाचीनं रील दाखवलं तेव्हा सगळा उलगडा झाला. ह्याच्या मावसभावाचं प्री-वेडिंग. हरिपूरच्या संगमावर, आमच्या बोटीत, नवरानवरी पुढं उभी, मागं दोघं गुलाबी धूर सोडतायत, वर ड्रोन. मी थांबवून थांबवून माणसं मोजली. आठ. पाचाची बोट आहे ती. लाईफ जॅकेट एकाच्याही अंगात नाही, फोटोत बरं दिसत नाही म्हणून असणार. आणि कुठं, तर संगमावर, जिथं वारणेचं पाणी कृष्णेच्या पाण्याला आडवं येऊन भिडतं आणि पावसाळ्यात पोहणारा माणूससुद्धा विचार करून उतरतो.

8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला काय झालं ते ह्या जिल्ह्यात कुणाला सांगायला लागतं का? पुरातनं सुटायला बसलेली माणसं, बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त बसली आणि बोट उलटली. त्यांच्यापुढं तरी दुसरा इलाज नव्हता, घरात पाणी होतं. तुम्ही फोटोसाठी आठ जण बसवता? लाज कशी वाटत नाही?

आणि हे बोलताना माझा आवाज चढतो त्याला कारण आहे. 2019 ला आम्ही दोघं एकाच गच्चीवर होतो. मी आणि हाच गडी. सांगलीच्या आयर्विन पुलाला 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं, आणि त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. आमचं घर उंच म्हणून ह्याच्या घरची सगळी आमच्या गच्चीवर. दोन रात्री. वडिलांचं इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फ संपलेला, खाली जिन्याच्या कितव्या पायरीवर पाणी आलं ते बॅटरी मारून दर तासाला बघायचं. ह्याच्या आईचे गुडघे गेलेले, तिला खाली कसं उतरवायचं म्हणून हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलाय. तिसऱ्या दिवशी कुठली तरी अनोळखी पोरं बोट घेऊन आली, त्यांनी म्हातारीला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. तेव्हा ह्यानंच म्हटलेलं, माझ्या कानात अजून आहे, "पाणी उतरू दे, आपण आपली बोट घ्यायची. परत कुणाची वाट बघायची न्हाई."

म्हणून घेतली बोट. 14 फुटी फायबर, 9.9 एचपीचं जुनं इंजिन, दोन वल्ही, सहा जॅकेट, सगळं मिळून 1 लाख 70 हजार. निम्मे निम्मे ठरलेलं. मी 85 दिले रोख, ह्यानं 70 दिले आणि उरलेले 15 "कारखान्याचं बिल आलं की". तेवढे पण मीच भरले. त्यानंतर किती गळीत हंगाम झाले, किती बिलं आली, नवी गाडी आली दारात. ते 15 हजार अजून आलेले नाहीत. आणि बोटीची पावती कुणाच्या नावावर? ह्याच्या. कारण आणायला तो गेलेला आणि मी म्हटलं असू दे, आपल्या आपल्यात काय.

आईनं त्या दिवशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि घरात आल्यावर मला हळूच म्हणाली, भागीचं घोडं किवणानं मरतं बाबा. मी चिडलो होतो तिच्यावर. म्हटलं तो परका आहे का.

आता एकेक आठवतंय. गणपती विसर्जनाला सहातली तीन जॅकेट कुठल्या मंडळाला दिली, एक परत आलं, त्याचं बक्कल तुटलेलं. पुराच्या पाण्यात आपण काय करायचं असतं, जॅकेट मोजायची का माणसं? पोराच्या वाढदिवसाला बोटीच्या दोन्ही अंगाला पोराचं नाव रंगवून आणलं, मला विचारलं नाही. पोरगं गोड आहे, त्याच्यावर माझा राग नाही, पण निम्मी बोट माझी आहे ना, मग मला एक फोन करायला काय जातं? उन्हाळ्यात चिलापी धरली, पाच-सहा मासे फळीखाली तसेच विसरले, चार दिवसांनी मी गेलो तर लांबूनच वास. ब्लीचिंग टाकून ती बोट मी घासली, एकट्यानं. स्टेटसला फोटो असेल तेव्हा "आपली बोट", आणि तळाला चीर पडली, मॅट-रेझिन मारून घ्यायचं म्हटलं की "तुझ्या बोटीचं किती सांगितलं रे त्यानं?" हे शब्द आहेत त्याचे. तुझ्या बोटीचं.

आणि इंजिनाचं तर विचारूच नका. दोन स्ट्रोकचं इंजिन आहे, लिटरला 20 मिली ऑईल घालायचं, 50 ला 1. अवघड काय त्यात? कॅनवर मी मार्करनं लिहून ठेवलंय, दहा लिटरला 200. मापाची बाटली दोरीनं कॅनला बांधून ठेवलीय. तरी गेल्या वर्षी ह्यानं नुसतं पेट्रोल भरून चालवलं, नदीच्या मधोमध इंजिन जाम, पिस्टन धरला. सव्वीस हजार. त्यातले मी वीस दिले, कारण पुढं पावसाळा होता आणि मला थांबता येईना. हाच तर सगळा खेळ आहे. मला थांबता येत नाही हे त्याला माहीत आहे, तो थांबू शकतो. जो थांबू शकत नाही त्याच्या खिशातनं पैसे जातात.

पेट्रोल पण साठवू नको म्हणून किती वेळा सांगितलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढून घेतं, महिने महिने कॅनमध्ये राहिलं की पाणी तळाला बसतं आणि कार्ब्युरेटर चोक होतो. काम झालं की टाकी रिकामी कर, पाईप काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालव, पंख्यातली जलपर्णी काढ, बोट वर घेऊन पालथी घाल म्हणजे पावसाचं पाणी साठत नाही. हे मला आमच्या काठावरच्या होडीवाल्या आजोबांनी शिकवलं, शर्यतीला उतरायचे ते तरुणपणी. म्हणायचे, नाव पाण्यात असते तेव्हा नदी सांभाळते, वर काढली की मालकानं सांभाळायची. मालक एक असला तर सांभाळतो. आमच्या बोटीला दोन आहेत, त्यातला एक फक्त बसायला येतो.

विकून टाक, असं बायको म्हणते. कुणाला विकू? निम्मी बोट कोण घेतं? त्याला म्हटलं तू माझा हिस्सा घे, तर पैसे नाहीत. मग मला दे, तर "राहू दे की भावा, मैतरकी हाय आपली." आणि मला विकायची नाहीच मुळात. 2021 ला परत पाणी 50 च्या वर गेलं तेव्हा ह्याच बोटीतनं आम्ही गल्लीतली अकरा माणसं चार खेपांत बाहेर काढली, त्यात एक आठ दिवसांची बाळंतीण. हा इंजिनावर बसलेला, मी पुढं बांबू घेऊन विजेच्या तारा बघत. तेव्हा हा माणूस असा चालवत होता बोट की काय सांगू. तेच मला सहन होत नाही. येत नसतं तर सोडून दिलं असतं. त्याला सगळं येतं.

आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. बोट घरामागं आणलीय, धुतलीय, बूच नवीन बसवलंय, एक जादाचं नायलॉनच्या दोरीनं आत बांधून ठेवलंय. जॅकेट चार आहेत, त्यातलं एक बक्कल तुटलेलं, त्याला सुतळी लावलीय. मघाशी बॅटरी घेऊन घाटावर जाऊन आलो, संध्याकाळपेक्षा दोन पायऱ्या वर आहे पाणी. इंजिन त्याच्या घरी आहे, त्याच्या घराला कुलूप आहे, किल्ली त्याच्याकडं कवठेमहांकाळला आहे. वल्ही बघितली तर एकच सापडलं. रीलमध्ये नवऱ्याच्या हातात दुसरं दिसतंय. ते कुठं ठेवलंय एवढंच विचारायला मघापासनं फोन लावतोय, उचलत नाही.