सुप्रीम कोर्टाने जन्माने मिळणारं नागरिकत्व रद्द केलं? नाही हो!

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २७ जून २०२५ ला जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद केलं, एच-वन-बी (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांची तिथे जन्मलेली पोरं आता अमेरिकन नाहीत, असा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर परत फिरतोय आणि काकू लोक उगाच टेन्शन घेतायत. तसं काही झालं नव्हतं. त्या ६-३ निकालात मुद्दा एवढाच होता की खालच्या कोर्टाचा एक जज अशा पोरांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ट्रम्पच्या ऑर्डरला सरसकट देशभर स्टे देऊ शकतो का, तर शक्यतो नाही म्हणाले, पण ती ऑर्डर घटनेत बसते की नाही यावर त्यांनी त्या दिवशी निकाल दिलाच नाही. उलट दोनच आठवड्यांत, १० जुलैला, न्यू हॅम्पशायरच्या जजने क्लास ॲक्शनच्या (एका मोठ्या गटाच्या वतीने केलेल्या सामूहिक दाव्याच्या) वाटेने तीच ऑर्डर पुन्हा अडवली!

आणि मुळात २० जानेवारी २०२५ ची ती ऑर्डर सहीनंतर ३० दिवसांनी जन्मणाऱ्या बाळांसाठी लिहिलेली, त्यामुळे २०१९ मध्ये जन्मलेल्या नातवाचा पासपोर्ट जाणार हे तर फॉरवर्डवाल्याने चक्क स्वतःच्या मनाने घुसडलंय.