बाळ विमानात झोपावं म्हणून अर्धा चमचा सिरप? ती बाटली आधी मोरीत ओता

गुरुवारी रात्री साडेदहाला नागपूरहून धाकटीचा फोन. "ताई, विमानात बाळाचे कान फुटतात का गं?" भाचा साडेचार महिन्यांचा. बाळंतपण माहेरी झालं, आता रविवारी मायलेकरं बंगळूरला आपल्या घरी निघालीत. हे कानांचं कुठून काढलंस म्हटलं, तर मोठ्या काकूंनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज: 'बाळाला विमानात नेताय? थांबा! वरिष्ठ बालरोगतज्ज्ञांचे नऊ मुद्दे.' तज्ज्ञांचं नाव नाही, गाव नाही. खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'. शुक्रवारी दुपारपर्यंत तोच मेसेज मला आणखी तिघींकडून आला.

क्रमाने जायला धीर नाही. चौथा मुद्दा आधी घेते, कारण त्याची तयारी आईने करूनही ठेवली होती.

'निघण्याआधी अर्धा तास सर्दीचं सिरप अर्धा चमचा पाजावं, बाळ उतरेपर्यंत शांत झोपतं.' आईने फ्रिजच्या दारातली बाटली काढून ओट्यावर ठेवलेली. मी फोटो मागवला. लेबलावर सिरपचा वाळलेला ओघळ, मापाचं टोपण हरवलेलं. दादाच्या लेकीसाठी कधीतरी आणलेली बाटली, ती पोरगी आता पहिलीत जाते. ओघळाखालून नाव वाचता आलं: प्रोमेथाझिन.

या औषधाने झोप येते, खरं आहे. पण दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास मंदावून त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून त्या वयाला ते अजिबात देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, त्याच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत छापायला लावला. त्याला 20 वर्षं होऊन गेली. एफडीएकडे यापेक्षा कडक इशारा नसतो, यानंतर थेट औषध बाजारातून काढणंच उरतं. आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना कळवलं, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत. त्याला निमित्त मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने दगावलेल्या लेकरांचं. त्यातली कितीतरी उपचारांसाठी नागपुरातच आणली होती, हे आईला मी सांगायची गरज नव्हती. तिथे दोष विषारी द्रव मिसळलेल्या सिरपचा होता, ते प्रकरण वेगळं, मान्य. पण सूचना सरसकट सगळ्या सर्दी-खोकल्याच्या सिरपांबद्दल आहे. आणि तीही आजारी मुलांसाठी! इथे तर धडधाकट पोराला, शेजारच्या सीटवरच्याची झोपमोड होऊ नये म्हणून, औषध पाजायचं चाललंय.

याच मुद्द्याला शेपूट: 'सिरप नको असल्यास जायफळाचे पाच वेढे.' आमच्या आजीच्या गुटीत जायफळ असायचं, सहाणेवर एखादा वेढा, तोही हात आखडून. जायफळाने गुंगी येते हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच. पाच कुठून आले?

आता कान. मुद्दा पहिला, 'हवेच्या दाबाने बाळाचे पडदे फाटतात, कानात कापूस घाला.' अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. कान दुखतात, मोठ्यांचेही दुखतात. केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. सिमला 2,200 मीटरवर आहे आणि तिथे बाळं जन्मतात, वाढतात. त्रास उंचीचा नसतो, दाब बदलण्याचा असतो, आणि तो मुख्यतः विमान उतरताना. पडद्यामागच्या पोकळीत घशाकडून एक बारीक नळी जाते. गिळलं की ती उघडते, हवा आत जाते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. कापूस पडद्याच्या बाहेर, अडचण पडद्याच्या आत. तिथे कापूस काय करणार?

म्हणजे उपाय एवढाच, की विमान खाली यायला लागलं की पाजायला घ्यायचं. हे खाली येणं चाकं टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं, तेव्हा चाकं टेकायची वाट बघायची नाही. बाळ दूध घेत नसेल तर चोखणी. रडलं तर रडू द्या, रडण्यानेही ती नळी थोडी उघडते. आता सांगा, सिरप पाजून गाढ झोपवलेलं बाळ गिळणार कसं? एक नंबरच्या मुद्द्यात ज्या कानांची एवढी काळजी, त्यांचंच दुखणं चार नंबरच्या मुद्द्याने वाढायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेजसुद्धा सलग वाचलेला नाही. हां, बाळाला जोराची सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल, किंवा ते दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

'केबिनची हवा कोरडी, दर पंधरा मिनिटांनी पाणी पाजा.' हवा कोरडी असतेच. पण सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही, हे अंगणवाडीच्या भिंतीवरही रंगवलेलं असतं. जास्त पाजायचं तर दूधच.

तपासणीच्या दारातून 'क्ष-किरण जातात' म्हणे. ती चौकट धातू शोधते, क्ष-किरणांचं यंत्र पिशव्यांसाठी असतं. बाळ पट्ट्यावर ठेवू नका म्हणजे झालं. बाळाचं दूध फेकून देतात, हेही खोटं, फार तर उघडून दाखवायला लावतात. वर्षाखालच्या बाळाला बसूच देत नाहीत म्हणणाऱ्याने तिकीट काढायच्या पानावर 'इन्फंट' हा रकाना पाहिलेला नाही. जन्मदाखला मात्र जवळ ठेवावा.

'त्यापेक्षा रेल्वेने जा.' नागपूर-बंगळूर विमानाला दोन तासही लागत नाहीत. रेल्वेत एक रात्र आणि वर बराचसा दिवस, एकटीने, मांडीवर पोर घेऊन, डब्यातल्या शौचालयात लंगोट बदलत. हा सल्ला नक्की पुरुषाने लिहिला आहे.

गर्दीत संसर्ग होतो हा मुद्दा मात्र मी खोडत नाही. म्हणूनच आम्ही 14 आठवड्यांची लस होईपर्यंत तिकीट काढलं नव्हतं.

राहिला नववा, 'निघताना काळी तीट लावा.' लावा की, काकू. गालावर लावा, कपाळावर लावा. डोळ्यांत काजळ तेवढं घालू नका.