‘रॅम्प फोटोपुरता, बाथरूममध्ये वडील पडले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आमच्या आजारी ज्येष्ठांच्या निवासाला दोन स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्यात : रॅम्पच्या पायथ्याशी व्हीलचेअर अडकली, तुमचे वडील, आप्पा, बाथरूममध्ये पडले आणि दार लवकर उघडलं नाही, पलंगाला कठडे नाहीत, आणि महिना बावीस हजार घेऊन खोलीत एसी नाही. वाचल्यावर आधी कामावरच्या पोरांना विचारलं, मग टेप घेऊन स्वतः त्या खोलीत गेले. आप्पांच्या तब्येतीबद्दल मी इथं चारचौघांत लिहिलं नसतं. पण त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेल्याचं तुम्हीच लिहिलंय, आणि बाथरूमचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कमोडशेजारचा स्टीलचा दांडा भिंतीला आहे, बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला. उजवीकडे मोकळी जागा सोडलेली, खुर्ची लावायला. ज्याचा डावा हात चालतो त्याला ही रचना बरोबर बसते. आप्पांचा चालता हात उजवा, आणि त्या हाताशी होता पाण्याचा ड्रम. उठताना त्यांनी तोच धरला. ड्रम तळाशी आला होता, रिकाम्यासारखाच. तो कलला आणि आप्पा त्याच्याबरोबर गेले.

ड्रम तिथं का होता हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. बाथरूमला रंग लागायच्या आधी ड्रम आत जातो. नकाशात आमच्या बाथरूममध्ये पाच फूट व्यासाची मोकळी जागा आहे. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायची तर तेवढी लागतेच, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही १५०० मिलिमीटर म्हटलंय. त्यातले दोन फूट ड्रमनं खाल्ले. तो मीच ठेवायला लावला होता, पोरांचा दोष नाही. खुर्ची आत वळेना म्हणून ती दाराबाहेर राहायची, आप्पांना धरून चार पावलं चालवायचं आणि लाजेकाजेस्तव दार लोटून बाहेर थांबायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

आणि दार आत उघडणारं. आप्पा नेमके दाराशी पडलेले, ढकलावं तर फळी त्यांच्याच अंगावर. तुम्ही दहा मिनिटं लिहिलीत, आमच्या वहीत सात आहेत. त्यावर वाद घालणार नाही. मिस्त्रीनं घरच्यासारखं दार बसवलं आणि सहा वर्षं मी त्यातून रोज ये-जा केली, कधी डोक्यात आलं नाही.

आता आठही बाथरूमची दारं बाहेर उघडतात आणि आतली कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येते. ड्रम बाहेर काढले, गच्चीवर आणखी एक टाकी चढवली. कमोडच्या मोकळ्या बाजूला वर दुमडता येणारा दुसरा दांडा लावतोय. पाच खोल्यांत झाला, तीन बाकी आहेत. लावल्यावर मिस्त्रीला त्याला लोंबकळायला लावलं. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी निळी सीट बसवली. भरतीच्या फॉर्मवर साखर, बीपी, पथ्य सगळं विचारत होतो, कोणता हात चालतो हे मात्र नव्हतं. आता तो पहिला प्रश्न आहे.

‘रॅम्प फोटोपुरता’ हे मात्र लागलं. जोतं दीड फुटाचं आणि रॅम्प अठरा फूट लांब आहे, म्हणजे एकास बारा उतार, नियमाप्रमाणे. दोन्हीकडे कठडा आहे. अडचण खालच्या टोकाला झाली, आणि ती आपल्या काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे अंगणाची फरशी खचली आणि रॅम्प संपतो तिथं दीड इंचाचा उंबरा तयार झाला. चालत्या माणसाला तो जाणवतही नाही, खुर्चीची पुढची लहान चाकं मात्र तिथंच रुततात. तिथली माती काढून मुरूम दाबून भरला आहे आणि पाच फुटांचा सपाट काँक्रीटचा ओटा रॅम्पशी सळ्यांनी जोडून घेतलाय. पहिला पाऊस झाला की पुन्हा टेप लावणार आहे.

पलंगाच्या कठड्यांचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. ‘पैसे वाचवले’ असं तुम्ही लिहिलंत, पण आम्ही ते मुद्दाम लावत नाही. रात्री लघवीला उठणारा माणूस कठडा बघून थांबत नाही, तो ओलांडायला जातो आणि मग जास्त उंचीवरून पडतो. आमचे पलंग अठरा इंचांचे आहेत. कडेला बसलं की दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. दवाखान्यातले उंच पलंग नर्सच्या कमरेसाठी असतात, ते घरी आणून बसवणारे नातेवाईक मला रोज भेटतात.

एसी नाही हे दरपत्रकात आहे. तुमच्या खोलीची पश्चिमेची भिंत मे महिन्यात तापते हे खरं. बाहेरून हिरवी जाळी टाकली आहे. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि हवेच्या गाद्यांचे पंप चालतात, कूलर चालत नाही.

त्या दिवशीच्या एक्स-रेचे पैसे तुम्ही भरलेत, ते आमच्याकडे लागतात. डिपॉझिटसोबत तेही परत करते. पावतीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा, दुपारी चारनंतर मीच फोन घेते.