‘पाणी अडवलं की मुरणारच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ओढ्यांच्या बेछूट खोलीकरणाविरुद्धच्या माझ्या लेखाखाली ‘एक शेतकरी’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देतो: “लेखकराव, पुण्यात एसीत बसून आमच्या ओढ्यावर लिहू नका. आम्ही लोकवर्गणी काढून ओढा खोल केला, आज तो तुडुंब आहे. गाळही शेतात गेला. पाणी अडवलं की मुरणारच, जाणार कुठं? शिरपूरला जमलं ते इथं का नाही? बोअरवाल्यांवर लिहायची हिंमत नाही. आणि हिवरे बाजारचं तुणतुणं आता पुरे.”

आधी एसीचं. माझ्या घरात एसी नाही. पंखा आहे, तोही खडखडतो. पण असता, तरी त्यानं ओढ्याचा तळ वर-खाली झाला असता का? टीकेला माझी ना नाही, आपण ती खुशाल करावी. मात्र स्वतःचं नाव, गाव, तालुका काहीच न सांगता दुसऱ्याचा पत्ता काढायचा, ही कुठली रीत? ‘लेखकराव’ हे तर मला कुणी प्रेमानंही म्हणत नाही.

गाळ शेतात गेला, हे उत्तम झालं. साचलेला गाळ काढलाच पाहिजे, तिथं तुमचं शंभर टक्के बरोबर. माझा वाद गाळाच्या खाली पोकलेन घालण्याशी आहे.

आता ते वाक्य. ‘पाणी अडवलं की मुरणारच, जाणार कुठं?’ जाणार कुठं, ते सांगतो.

आमची विहीर बहात्तरच्या दुष्काळानंतर खोदली, पारनेर तालुक्यात. सुरुंग, यारी, घमेली, सगळं घरच्यांनी केलं. मी लहान होतो, पण पुढं दर उन्हाळ्यात तिच्यात उतरलोय, म्हणून सांगतो. वर हातभर माती, मग पिवळट मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा आणि तळाला काळा पाषाण. पाझर कुठून यायचा? मुरूम आणि भेगाळ खडकातून. काळ्या पाषाणावर छिन्नी मारली तर ठिणगी उडायची, पाणी नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग याच काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलाय. त्यामुळे तुमची विहीर आमच्यापेक्षा फार वेगळी नसावी.

म्हणजे पाणी मुरवणारा थर तो मुरमाचा. तुम्ही नेमका तोच उकरून काठावर टाकलात आणि पाणी उघड्या पाषाणावर उभं केलंत. ते मुरेल कशात? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याची रोज सेंटीमीटरभर तरी वाफ होते. एक उत्तर ते.

दुसरं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पावसाळा संपल्यावर ओढा वाहतो तो कशावर? ढग तर गेलेले असतात. शेतांखाली मुरलेलं पाणी उताराने हळूहळू ओढ्याकडे झिरपतं, त्यावर तो दिवाळीनंतरही वाहतो. जमिनीत मुरलेलं पाणी तिथंच कायमचं राहत नाही, ते ओढ्यातून नदीत आणि पुढं समुद्राकडे निघालेलंच असतं. आपल्या हातात असतं ते फक्त त्याला उशीर करणं. ओढा विहिरींतल्या पाण्याच्या पातळीखाली खोदला की तो उशीरच संपतो. दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी त्या चरात उतरतं. तुम्ही ज्याला ‘तुडुंब ओढा’ म्हणता, त्यातलं बरंचसं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचं असू शकतं!

‘पण विहिरीसुद्धा भरल्या’ असं म्हणाल. भरणारच. मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्टच, आणि तो स्पंजासारखा नसतो. भूजलाचा हिशेब करताना त्यातून उपसता येणारं पाणी साधारण दोन टक्के धरतात, म्हणजे घनमीटरभर खडकामागे जेमतेम 20 लिटर. नुसतं 50 मिलिमीटर पाणी मुरलं तरी पातळी अडीच मीटर वर येते, आणि उपसा सुरू झाला की तितक्याच वेगानं खाली जाते. सप्टेंबरातल्या काठोकाठ विहिरीचे फोटो मला पाठवू नका. मेमधले पाठवा.

शिरपूरचं म्हणाल, तर धुळे जिल्ह्यातल्या त्या तालुक्यात ओढे असेच खोल केले, पण तिथं तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. ते पाणी पितात आणि धरूनही ठेवतात. तिथली नक्कल बालाघाटच्या पठारावर करायची हे अडाणीपणाचं आहे. (हा शब्द कडक वाटला तर वाटू द्या, ‘एसीत बसून’ पेक्षा बराच सौम्य आहे.) आणि असं बोलणारा मी एकटा नाही. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतल्या बेछूट खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले होते. तेही एसीत बसले होते म्हणायचं का?

बोअरवर मी लिहिलेलं आहे, शोधलंत तर सापडेल. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला 2009 च्या भूजल कायद्यानं मनाई आहे, आणि तो कायदा कोण पाळतं हे आपण दोघंही जाणतो. हिवरे बाजारचं तुणतुणं मात्र मी वाजवत राहणार. तिथं सिंचनासाठी बोअर घेत नाहीत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवतात. पोकलेन भाड्यानं आणण्यापेक्षा ते अवघड आहे, म्हणूनच त्याचा कंटाळा येतो.

पुन्हा लिहिणार असाल तर एवढं कळवा: ओढा किती मीटर खोदला, तळाला मुरूम लागला की पाषाण, आणि काठावरच्या विहिरींत मेअखेर पाणी किती हातांवर होतं. ही माहिती आली तर मी तुमच्या गावी यायला तयार आहे, एसटीनं. नुसतं ‘लेखकराव’ आलं तर ती प्रतिक्रिया उडवून टाकीन.